नसांची गोळी सहा वर्षं चालू आहे. ही सवय, व्यसन की आजारच?

अनुराधानक्षत्र
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते. वय ५२, सांगली, विश्रामबाग. पतसंस्थेत कॅशला बसते. शुगर १७ वर्षं. सहा वर्षांपूर्वी तळपायाची आग सुरू झाली, म्हणजे अशी की थंडीतसुद्धा पाय पांघरुणाबाहेर, चादर लागली तरी सहन व्हायची नाही, रात्री दोनला उठून बाथरूमच्या फरशीवर नुसती उभी राहायचे. डॉक्टरांनी प्रेगाबालिन ७५ रात्रीची सुरू केली. पहिल्यांदा सलग झोप लागली त्या दिवशी सकाळी रडले होते मी. मग ७५ दोनदा झाली, मग १५० दोनदा. आज दिवसाला ३००.

गेल्या महिन्यात विट्याला लग्नाला गेले आणि गोळ्या दुसऱ्या पर्समध्ये राहिल्या. म्हटलं दोन दिवसांनी काय होतंय. पहिली रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या रात्री घामाने गाऊन भिजला, छातीत धडधड, मळमळ, डोळ्याला डोळा नाही, शेजारच्या खोलीत पोरी मेंदी काढत हसत होत्या तर त्यांच्यावर जाऊन ओरडले (मी! जी ऑफिसात कुणाला मोठ्याने हाक मारत नाही), आणि पाय असे पेटले की सहा वर्षांपूर्वी पण तसे पेटले नव्हते. घरी येऊन गोळी घेतली आणि दोन-तीन तासांत माणसात आले. मावशी सगळं बघत होती. म्हणाली, "अगं, आमच्या वाड्यातला तो दारू सोडताना अस्साच करायचा." सगळ्यांसमोर. मी हसले, पण ते डोक्यातून जाईना.

मला छळतोय तो प्रश्न असा की त्या रात्रीची आग माझ्या आजाराची होती की गोळी न मिळाल्याची? सहा वर्षं मी गोळीशिवाय राहिलेलीच नाही, मग आत खरं किती दुखतंय हे मला तरी कुठं माहितीय? कुणाला असा अनुभव आहे का.

भडंगभाऊ
ताई विट्यात मेडिकल दुकानं नाहीत होय? 😀

अनुराधानक्षत्र
आहेत की. पण गोळी चुकल्यामुळं होतंय हे कळायला तर हवं! मला वाटलं मठ्ठा बाधला.

कृष्णाकाठ
अगदी हेच आमच्या घरी झालंय, फक्त लग्नाऐवजी महापूर होता.

ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीवाडीत. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमचा तळमजला गेला, पहिला गेला, आम्ही तीन कुटुंबं गच्चीखालच्या एका खोलीत. वडील तेव्हा ७१, त्यांना छातीवर नागीण होऊन गेलेली आणि ती गेली तरी दुखणं गेलं नव्हतं, म्हणून गॅबापेन्टिन (तुमच्या गोळीच्याच जातीचं) ३०० दिवसातून तीनदा. पाकीट खालच्या कपाटात. ते कपाट तर अजून सापडायचंय. तिसऱ्या दिवशी वडील थरथरायला लागले, घाम, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या, कुणाशी नीट बोलेनात, झोप नाही. आम्हाला वाटलं घाबरलेत. पण २००५ च्या पुरात याच माणसानं लोकांच्या म्हशी ओढून काढलेल्या. बोट दूध आणि बिस्किटं घेऊन आली तेव्हा एक डॉक्टर मुलगा होता बोटीत, त्यानं पहिलं विचारलं, रोजची औषधं कोणती बंद पडलीत? बीपीचं सांगितलं, शुगरचं सांगितलं, आणि नागिणीचं कुणी सांगितलंच नाही कारण ते काय मोठं औषध म्हणून कुणी धरत नव्हतं. शेवटी वडीलच म्हणाले, "माझी ती पिवळी कॅप्सूल पण न्हाय." तो लगेच म्हणाला, त्याच्यामुळंच हे. दुसऱ्या दिवशी गोळ्या आल्या आणि माणूस संध्याकाळी घोरत होता.

त्यामुळं ताई, मठ्ठा निर्दोष आहे.

हळदीचा_वायदा
हळदीच्या गावात राहून केमिकल खाताय राव. सकाळ संध्याकाळ हळद-दूध, बघा फरक. (हलकं घ्या)

काउंटरपलीकडून
मिरजेत २२ वर्षं मेडिकल चालवतोय, दोन गोष्टी सांगतो ज्या काउंटरवर रोज दिसतात.

एक, ही गोळी आपल्याकडं बहुतेक वेळा एकटी येतच नाही. प्रेगाबालिन ७५ अधिक मिथाइलकोबालामिन म्हणजे बी१२ चा प्रकार, अशी जोडगोळी असते. आता पेशंटला सांगताना सगळेच घाईत, "ही नसांची ताकदीची गोळी." झालं. पेशंटच्या डोक्यात ती व्हिटॅमिन म्हणून बसते. मग काय, व्हिटॅमिन कधीही बंद केलं तरी चालतं, उपासाला नको, प्रवासाला नको, पैसे संपले की नको. आणि तिसऱ्या दिवशी येतात, झोप उडाली म्हणून झोपेची गोळी मागत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मणक्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी एक दिलेली, पायाच्या मुंग्यांसाठी शुगरच्या डॉक्टरांनी नॉरट्रिप्टिलिन या दुसऱ्या औषधाबरोबरची जोडगोळी दिलेली. नावं वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा, आत प्रेगाबालिन दोन्हीकडं. पेशंट झिंगतोय आणि घरचे म्हणतात वय झालं. पाकिटामागं बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा, एवढीच विनंती.

मातीकडे_चला
कुणाला आवडणार नाही पण लिहितो. डॉक्टर मुळावर उपाय करत नाहीत, लक्षण दाबतात, मग माणूस आयुष्यभर गिऱ्हाईक. मी ३०० ची गोळी एका दिवसात फेकून दिली, गरम पाण्यात मीठ घालून रोज अर्धा तास पाय, अश्वगंधा, अनवाणी गवतावर चालणं. चार महिन्यांत ठणठणीत.

शेजारची_वहिनी
मातीकडे_चला, तुम्हाला बरं वाटलं आनंद आहे, पण शुगरवाल्या माणसाला गरम पाण्यात पाय घाला असं कृपा करून लिहू नका. माझे सासरे चैत्रात औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेले, चपला बाहेर, दुपारची फरशी, पाय बधिर. गाडीत बसल्यावर माझ्या लेकीला मॅटवर ओलं दिसलं, बघतो तर दोन्ही तळव्यांना हे एवढे फोड. त्यांना पत्ताच नाही! एक फोड भरायला अडीच महिने लागले आणि बोट थोडक्यात वाचलं. गंमत म्हणजे याच पायांची रात्री आग व्हायची. आग होते पण चटका कळत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मातीकडे_चला
कोमट लिहायला हवं होतं. ते मान्य. बाकी मत तेच.

सज्जनगडचा_वारा
मी साताऱ्याची. वरचं "सवय", "गिऱ्हाईक" वगैरे वाचून हात शिवशिवले म्हणून लॉगिन केलं.

मला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, ट्रायजेमिनल. कार्बामाझेपिन ११ वर्षं. तुम्हा लोकांना कल्पना नाही म्हणून सांगते, उजव्या गालाला वारा लागला की करंट. दात घासताना करंट. कुंकू लावताना बोट इकडचं तिकडं झालं की करंट. दोन सेकंदांचा असतो, पण त्या दोन सेकंदांत मी हातातला चहा टाकलाय, चालत्या रिक्षात किंचाळलेय, आणि सुरुवातीला एका दातवाल्यानं माझी चांगली दाढ काढलीय कारण सगळ्यांना वाटलं दाताचंच आहे. मी अजून मफलर न घेता साताऱ्यात पावसाळा काढलेला नाही, कासला फुलं बघायला लोक टोपी घालून जातात, मी माकडटोपी घालून.

फुकट काही नाही मिळालं. एकदा सोडियम इतकं कमी झालं की दोन दिवस मी लेकाला भावाच्या नावानं हाक मारत होते, ॲडमिट करावं लागलं. ऑपरेशन सुचवलंय, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करतात, कवटी उघडून. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण ह्या गोळीवर मी जेवते, बोलते, शाळेत शिकवते. कुणी मला "लागलीय का सवय" विचारलं की मला वाटतं एक दिवस, फक्त एक दिवस त्यांना माझा गाल द्यावा.

अनुराधाताई, तुमच्या मावशीला माझा नमस्कार सांगा, आणि गाल देऊ करा.

भडंगभाऊ
आयर्विन पुलाला खांबांची सवय लागलीय. काढून बघा म्हणावं मावशीला.

कृष्णाकाठ
भडंगभाऊ 👏👏

रात्रपाळी
सगळे टाळ्या वाजवायलेत पण मी जरा वेगळं सांगतो. शिव्या घातल्या तरी चालतील.

कुपवाड एमआयडीसीत होतो, मशिनवर. गादी सरकली, कमरेपासून टाचेपर्यंत कळ. ७५ ची गोळी दिली, गुण आला. एकदा चुकून दोन घेतल्या. लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू, अंग हलकं, डोक्यातला सगळा आवाज बंद, शिफ्ट कधी संपली कळलं नाही. मग दोन रोजच्या. मग चार. कमर तोवर ऐंशी टक्के बरी होती, म्हणजे दुखत नव्हतं तरी खात होतो, हा फरक ध्यानात घ्या. चार दुकानं धरलेली, फिरून फिरून, जुनी चिठ्ठी दाखवून, कधी न दाखवता. शनिवारी त्याच्यावर क्वार्टर. अशाच एका शनिवारी माधवनगर रोडला गाडीवरच झोपलो, नऊ टाके, आणि नशीब समोरून ट्रक नव्हता. बायकोला साखरेच्या डब्याच्या मागं रिकाम्या पट्ट्या सापडल्या तेव्हा मी तिला म्हणालो की नसांची व्हिटॅमिन आहेत. (काउंटरपलीकडून, तुमचं वाचून हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.)

सोडवायला चार महिने लागले, थोडी थोडी कमी करत. तवा व्यसन लागतच न्हाई असं सरसकट लिहू नका. मला लागलेलं.

सज्जनगडचा_वारा
रात्रपाळी, शिव्या कसल्या. हे लिहायला छाती लागते. माझा राग तुमच्यासारख्यांवर नव्हता, दोघांना एकाच तराजूत घालणाऱ्यांवर होता.

नाडीपरीक्षक
मी फिजिशियन आहे, कराडच्या बाजूला. इथं कुणालाही डोस सांगणार नाही, पण शब्दांचा जो घोळ झालाय तो थोडा सोडवतो.

रात्रपाळींनी फरक एका ओळीत सांगितलाय, "दुखत नव्हतं तरी खात होतो." शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि मनाला त्याची ओढ लागणं वेगळं. पहिलं जवळजवळ कुणालाही होऊ शकतं, स्टेरॉइड एकदम बंद केलं तरी शरीर कोसळतं, बीपीच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तरी नाडी उधळते. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. दुसरं थोड्यांना होतं, पण होतं. म्हणूनच ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून गॅबापेन्टिन आणि प्रेगाबालिन दोन्ही नियंत्रित औषधांत टाकली. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं (ट्रॅमाडॉल त्यातलंच) सोबत असतील तर श्वास मंदावतो, दम्याच्या आणि वयस्कर पेशंटमध्ये तर जास्तच. तिथं नियम पाळले पाहिजेत.

गोळी करते काय? ही मुळात फिट्सची औषधं. गॅबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ मध्ये फिट्ससाठीच मान्यता मिळाली, प्रेगाबालिन २००४ च्या अखेरीस आलं. नसेच्या टोकाला कॅल्शियम आत जायची दारं असतात, त्या दाराच्या एका भागाला ही चिकटते, कॅल्शियम कमी आत जातं आणि पुढं निरोप देणारी रसायनं कमी सुटतात. निरोप हळू होतो. नस दुरुस्त होत नाही! हे मीसुद्धा पेशंटला कितीदा स्पष्ट सांगतो, तर फार कमी वेळा. आणि सगळ्यांना लागू पडते असंही नाही. शुगरच्या पायांवर गॅबापेन्टिनचे जे प्रयोग झाले त्यात दहातल्या साधारण चौघांचं दुखणं निम्म्यानं कमी झालं, आणि नुसती पोकळ, आत औषधच नसलेली गोळी दिलेल्यांतही दोघांचं झालं.

शरीरातून प्रेगाबालिन सहा-सात तासांत निम्मं बाहेर पडतं. म्हणजे लग्नातली दुसरी रात्र ही बरोब्बर वेळ. घाम, धडधड, चिडचिड, मळमळ हे गोळी थांबल्याचं. आग मात्र दोन्हीची असू शकते, एका रात्रीवरून कुणालाच सांगता येणार नाही. हळूहळू उतरवत गेलं तरच कळेल. आणि सहा वर्षांत एकदाही "अजून लागते का" हे तपासलं नसेल तर तो दोष तुमचा नाही, आमच्या जमातीचा आहे. चालू केलेली गोळी पुढच्या चिठ्ठीवर आपोआप उतरते, हात थांबत नाही.

डॉक्टरकडे जाताना दोन चाचण्या करून जा, बी१२ आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते कळतं).

मास्तर_निवृत्त
अवांतर होईल, पण शब्दांचं निघालंच आहे म्हणून. माझी आई या दुखण्याला "तळव्यात मिरची कुटतायत" म्हणायची. मुलगी पुण्याला असते, ती "न्यूरोपॅथी" म्हणते. दवाखान्यात मुंग्या येतात का विचारतात, मुंग्या येणं म्हणजे पाय जड होणं असं समजून आई नाही म्हणायची आणि मिरचीचं कुणी विचारायचंच नाही. वर्षभर त्यामुळं हिला काही नाही असंच लिहिलेलं.

भडंगभाऊ
मास्तर, मिरचीला आमच्याकडं पण मान आहे. आमच्या आजीचं "नस चावतीय". मिरज स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला सांगितलं की नस चावतीय, तर तो न विचारता बरोबर दवाखान्यात नेऊन सोडतो.

काउंटरपलीकडून
हे मात्र खरंय. मिरजेचे रिक्षावाले अर्धे डॉक्टर. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, तेव्हापासूनचा अनुभव असणार 😀 अर्धी बेळगाव-विजापूरकडची गर्दी असते, कानडीत "उरी" म्हणतात. उरी म्हणजे आगच.

टेंभूचं_पाणी
नाडीपरीक्षकांनी क्रिएटिनिनचं लिहिलं त्यावर. आमचे अण्णा, आटपाडीला, ७६. वर्षभरात आठ किलो वजन वाढलं, घोट्याला सूज, चालताना भिंत धरायचे आणि दुपारी तीनला विचारायचे सकाळ झाली का. आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलो की म्हातारपणाचं विसरणं सुरू झालं. भाऊ तर वाटणीचं बोलायला लागला. मग एका नव्या डॉक्टरनं रिपोर्ट बघितला, किडनी कमी चालतेय, तेही घेत होते ती नसांची गोळी किडनीतूनच बाहेर पडते म्हणून अंगात साठत होती. डोस कमी करत कमी करत पाव हिश्श्यावर आणला. अण्णा आता पेपर वाचतात आणि वाटणीचं कोण बोललेलं तेही त्यांच्या बरोबर लक्षात आहे.

हळदीचा_वायदा
हा धागा वाचून घरातल्या सगळ्यांच्या पट्ट्या टेबलावर काढल्यात. हळद-दूध मागे घेतो.

मातीकडे_चला
मी माझं मागे घेत नाही, पण नाडीपरीक्षक, एकदम फेकली तेव्हा मला आठवडाभर झोप नव्हती. तेव्हा मी त्याला शरीर शुद्ध होतंय असं समजत होतो. खरं काय होतं?

नाडीपरीक्षक
तेच, गोळी थांबल्याचं. नशीबवान आहात, काहींना त्यात फिट येते.

मातीकडे_चला
बरं.

अनुराधानक्षत्र
पाच महिन्यांनी वर काढतेय धागा. सॉरी, मध्ये गायब होते, मार्चएंड होता आणि दुसरं म्हणजे सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मिरजेला गेले. क्रिएटिनिन ठीक, पण बी१२ फक्त १४०. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ उतरतं म्हणे, त्यात आम्ही शाकाहारी. आणि माझी गोळी ती जोडगोळी नव्हती, नुसती प्रेगाबालिन, त्यामुळं ते भरूनही निघत नव्हतं. म्हणजे पायांच्या नसांवर शुगर एकीकडून आणि हे दुसरीकडून. इंजेक्शनं झाली.

मग उतरवायला घेतलं. आधी सकाळची १५० ची ७५ केली. चार-पाच रात्री खराब गेल्या, घाम, मधेच जाग, ऑफिसात दोनदा नोटा मोजताना चुकले. दहाव्या दिवशी सगळं निवळलं. तीन आठवड्यांनी सकाळची बंद. परत तेच, आठवडाभर नवऱ्याशी भांडण आणि परत निवळलं. इथवर पायांना काहीही फरक नाही! म्हणजे सकाळच्या गोळ्या मी कितीतरी दिवस उगाच गिळत होते, दिवसभर जी गुंगी असायची ती मला वय वाटत होती.

मग रात्रीची १५० ची ७५ केली. घाम-धडधड पुन्हा दहा दिवसांत गेली, पण या वेळी आग आली आणि ती जाईना. दुसरा आठवडा, तिसरा, पाचवा. रात्री दोनला परत फरशीवर. डॉक्टर म्हणाले, जे दहा दिवसांत गेलं ते गोळीचं होतं, जे राहिलं ते तुमचं आहे. परत रात्री १५० वर. आता ३०० ची १५० वर थांबलेय आणि सहा महिन्यांनी परत बघायचं ठरलंय. वजन साडेतीन किलो उतरलं.

विचारलेलं ना मी, आत खरं किती दुखतंय ते कुठं माहितीय. आता माहितीय. निम्म्या गोळीएवढं. उत्तर मिळालं म्हणून बरं वाटलं आणि पाच आठवडे परत फरशीवर उभं राहून ते मिळालं म्हणून रडूही आलं.

सज्जनगडचा_वारा
ताई ❤️ फरशीवर उभ्या असताना मेसेज करत जा, मी पण जागीच असते.

रात्रपाळी
भारी. मला पण आता तीन वर्षं होतील.

भडंगभाऊ
आणि मावशी??

अनुराधानक्षत्र
मावशीचंच सांगायचं राहिलं. परवा घरी आली, गुडघे दुखतात म्हणून पर्समधून पाकीट काढलं, "ही माझी व्हिटॅमिनची, दोन वर्षं घेतीय, हिच्याशिवाय झोप नाही लागत बाई." मी फोटो काढून मोठं करून वाचलं. प्रेगाबालिन ७५, मिथाइलकोबालामिन १५००. मी काही बोलले नाही, नुसतं पाकीट तिच्या हातात दिलं आणि पुलाच्या खांबांची गोष्ट सांगितली. आता म्हणते आजच्या आज बंद करते.

काउंटरपलीकडून
अहो नको! एकदम बंद करू नका सांगा त्यांना. फोन करा आत्ताच.